शनिवारची तारीख : एका निवृत्त कॉर्पोरेट वकिलाचे नवोदितांसाठी अनुभवकथन

माझ्या कपाटात १९८४ ते २०१९ या वर्षांच्या छत्तीस डायऱ्या आहेत. वकिलाची डायरी म्हणजे तारखांची वही. कोणता दस्त कधी नोंदवायचा, कोणत्या नोटिशीला कधीपर्यंत उत्तर द्यायचे, कोणती मुदत कधी संपते, एवढेच तिच्यात असते. माझ्या डायऱ्यांत मात्र दर महिन्याचा एक शनिवार जानेवारीतच भरलेला दिसेल आणि त्या खान्यात पक्षकाराच्या नावाच्या जागी ‘माहुली’, ‘रतनगड’, ‘ढाक’ अशी नावे दिसतील. रतनगड ही कुठली तरी साखर कंपनी असावी, असे आमच्या ऑफिसातील टायपिस्ट बाईंना बरीच वर्षे वाटत होते.

पस्तीस वर्षांच्या कॉर्पोरेट वकिलीतली पहिली दहा वर्षे मी फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये काढली आणि उरलेली एका इंजिनिअरिंग कंपनीच्या विधी विभागात. त्याच काळात सह्याद्री जमेल तेवढा पायाखाली घातला. हे दोन्ही कसे जमले, असे विधी महाविद्यालयातली मुले विचारतात, तेव्हा त्यांना बहुधा वेळेच्या नियोजनाची एखादी युक्ती हवी असते. माझ्याकडे तशी युक्ती नाही. या व्यवसायात मोकळा वेळ उरत नसतो, तो तारखेसारखा आधी लावून घ्यावा लागतो, आणि लावलेली तारीख कधीकधी महागातही पडते. ती मला कशी पडली, हे पुढे लिहिणारच आहे.

मी डोंबिवलीचा, शाळा मराठी माध्यमाची, घरात कुणीही वकील नाही. बी.कॉम. झाल्यावर चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. १८५५ साली स्थापन झालेली आणि एके काळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राचार्य असलेली ही संस्था. तिथल्या लाकडी बाकांवर बसताना छाती थोडी फुगायची, पण खरे शिक्षण सकाळचे तास संपल्यावर सुरू व्हायचे. तासांनंतर आम्ही आर्टिकल क्लार्क म्हणून, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखालचे शिकाऊ उमेदवार म्हणून, फर्ममध्ये जात असू. काम काय, तर स्टॅम्प ऑफिसच्या रांगेत उभे राहणे, रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे जाऊन एखाद्या कंपनीची फाइल मागवणे आणि तिच्यातल्या नोंदी हाताने उतरवून आणणे, टाइप झालेला दस्त मूळ मसुद्याशी ओळ न् ओळ ताडून पाहणे. एक जण मोठ्याने वाचायचा, दुसरा बोट ठेवून बघायचा. स्वल्पविराम आला की ‘कॉमा’ असे म्हणायचे. ऐंशी पानांचे गहाणखत असे दोनदा वाचून काढले की ते कसे रचलेले असते, हे कुणी शिकवावे लागत नाही. आता हे काम संगणक क्षणात करतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नव्या मुलांनी वर्षातून निदान चार दस्त तरी असे मोठ्याने वाचावेत, असे मला मनापासून वाटते.

सॉलिसिटरची परीक्षा द्यावी का, हा मुंबईत हमखास येणारा प्रश्न आहे. १८९४ पासूनची बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही परीक्षा घेते आणि त्यासाठी तीन वर्षांची आर्टिकलशिप लागते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेवर, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, न्यायालयात बोलणारा अॅडव्होकेट वेगळा आणि कागदपत्रे करणारा अॅटर्नी, म्हणजे सॉलिसिटर, वेगळा ही जुनी दुहेरी पद्धत १९७६ च्या दुरुस्तीने संपली, त्यामुळे व्यवसाय करायला आज सनद, म्हणजे बार कौन्सिलचा वकिलीचा परवाना, पुरते. मी परीक्षा दिली, पहिल्या वेळी एका पेपरात आपटलो, दुसऱ्या वेळी पास झालो. मालमत्तेचे हस्तांतर, कंपनी कायदा आणि मसुदालेखन यांत ज्यांना मुरायचे आहे त्यांनी ती जरूर द्यावी. नुसते नावापुढे अक्षर हवे म्हणून तीन वर्षे घालवू नयेत.

प्रवेशाच्या वाटा आज अधिक सरळ आहेत. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून क्लॅट ही सामाईक प्रवेश परीक्षा, आणि महाराष्ट्रातल्या इतर महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी. सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करायची आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायची. नोंदणीचे शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला आहे. खेड्यातून आलेल्या मुलांनी हा आकडा पाठच करून ठेवावा.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची जी धास्ती असते, ती मलाही होती. बोलण्याचे इंग्रजी आणि कराराचे इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उशिरा कळले. कराराच्या इंग्रजीत शब्द थोडे असतात, पण प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मी रोज रात्री बेअर अॅक्टमधले, म्हणजे कायद्याच्या मूळ पुस्तकातले, एक कलम घेऊन ते मराठीत आईला समजावून सांगत असे. ती भाजी निवडत असायची. तिला कळले नाही तर ते मला कळले नव्हते, असे समजायचे. एकदा करार संपवण्याचे कलम सांगत होतो : ‘नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांनी करार संपेल.’ आईने विचारले, “आणि त्याने पाकीट घेतलंच नाही तर?” पुढच्या आयुष्यात ‘मिळाल्यापासून’ आणि ‘पाठवल्यापासून’ या दोन शब्दांवरून मी किती तास भांडलो, याचा हिशेब नाही.

माझे सीनियर पारशी होते. मसुदा पुढे ठेवला की ते शेवटून वाचायला लागायचे. “डिकरा, बाहेर पडायचं दार कुठं हाय ते पहिलं दाखव,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य. याचा अर्थ मला १९९१ नंतर लागला. त्या जुलैच्या औद्योगिक धोरणाने प्राधान्याच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय भांडवलाला आपोआप मान्यता मिळू लागली, मोठ्या उद्योगांच्या विस्ताराला एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारीला आळा घालणाऱ्या, कायद्याखाली लागणारी पूर्वपरवानगी गेली, आणि आमच्या फर्ममध्ये संयुक्त उपक्रमांचे करार पावसासारखे कोसळू लागले. सगळे जण लग्नाच्या घाईत होते. काडीमोडाचे कलम वाचायला कुणाला सवड नव्हती. एका करारात भागीदाराने शेअर विकायचे ठरवले तर ते आधी आमच्या पक्षकाराला देऊ करावेत, अशी अट होती आणि पक्षकार त्यावर खूश होता. सीनियरांनी एवढेच विचारले, की ही अट कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे अंतर्गत नियमावलीत, आहे का? नव्हती. ‘रंगराज’ प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा नुकताच आला होता : शेअरच्या हस्तांतरावरचे जे बंधन आर्टिकल्समध्ये नाही, ते भागधारकांनी आपसात मान्य केले असले तरी कंपनीला बांधत नाही. आम्ही आर्टिकल्स दुरुस्त करून घेतले. सहा-सात वर्षांनी ते दोघे भागीदार खरोखरच वेगळे झाले, तेव्हा ती दोन पाने उपयोगी पडली.

आता माझ्या चुकीची गोष्ट. १९९३ चा डिसेंबर होता. एका कंपनीने बँकेकडून कर्ज घेऊन आपली यंत्रसामग्री गहाण ठेवली होती. अशा बोजाची, म्हणजे आमच्या भाषेत चार्जची, नोंद दस्त झाल्यापासून तीस दिवसांत रजिस्ट्रारकडे करावी लागे. न केल्यास कर्ज बुडत नाही, पण कंपनी दिवाळखोरीत गेली तर लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळणारा अधिकारी, आणि इतर धनको यांच्यापुढे तो बोजा टिकत नाही, आणि बँक तारण असूनही सर्वांच्या रांगेत येऊन बसते. तिसावा दिवस सोमवारी येत होता. माझी तारीख शनिवारी लागलेली होती : अलंग, मदन, कुलंग हे तीन गड, सोमवारची रजा धरून. शुक्रवारी संध्याकाळी मी फॉर्म भरून, सह्या घेऊन, शुल्काची रक्कम पाकिटात घालून नव्या आर्टिकल क्लार्कच्या हाती दिली, काउंटर कधी बंद होतो तेही बजावले आणि निश्चिंत मनाने कसाऱ्याची शेवटची लोकल पकडली.

फॉर्मसोबत दस्ताची प्रमाणित प्रत जोडावी लागते. ती प्रत माझ्या टेबलाच्या कुलूपबंद खणात होती, आणि खणाची किल्ली माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात, शिट्टीच्या दोरीला बांधलेली. सोमवारी दुपारी काउंटरवरून फॉर्म परत आला तेव्हा मी मदनच्या कातळकोरीव पायऱ्यांखाली दोराला लागून उभा होतो आणि खाली आंबेवाडीची कौले उन्हात चमकत होती. त्या काळी मोबाइल नव्हता. असता तरी तिथे लागला नसता. मंगळवारी सकाळी ऑफिसात शिरलो तर तो पोरगा रडवेला होऊन जिन्यातच उभा. कायद्यात पुरेसे कारण दाखवून आणि जादा शुल्क भरून थोड्या दिवसांची सवलत मिळण्याची सोय होती, म्हणून निभावले. कारण म्हणून काय लिहायचे, यावर सीनियर आणि मी अर्धा तास बसलो होतो. ‘वकील डोंगरावर होता’ असे लिहिता येत नव्हते आणि खोटे लिहायचे नव्हते. शेवटी ‘कार्यालयीन नजरचुकीने प्रत जोडली गेली नाही’ असे लिहिले, जे खरेच होते. सीनियर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त किल्ली मागून घेतली आणि ती पुढे कायम त्यांच्या टेबलावर राहिली.

मी या प्रसंगातून डोंगर सोडला नाही. मात्र त्यानंतर जाण्यापूर्वीच्या गुरुवारी मी ‘सोमवारपर्यंत काय मरू शकते’ अशी यादी करू लागलो, आणि ती एका सहकाऱ्यासमोर, प्रत्येक कागदावर हात ठेवून वाचून दाखवू लागलो. ही पद्धत आजच्या मुलांनाही चालेल. २०१३ च्या कंपनी कायद्यातही चार्जच्या नोंदणीची मुदत मूळ तीस दिवसांचीच आहे, आणि २०१६ ची दिवाळखोरी संहिता आल्यापासून नोंद नसलेल्या बोजाचे दुखणे पूर्वीपेक्षा फार लवकर उघडे पडते.

फर्ममध्ये राहावे की कंपनीत नोकरी करावी, यावर एका गोष्टीचा विचार मुले करत नाहीत. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली करता येत नाही, सनद स्थगित ठेवावी लागते. १९९४ मध्ये मी ते पाऊल उचलले, तेव्हा ‘वकिली सोडलीस?’ असे नातेवाइकांनी विचारले, जणू मी संन्यास घेत होतो. कंपनीत काम कमी नसते, पण ते आधी दिसते. संचालक मंडळाच्या सभा, वार्षिक सभा, कराराची नूतनीकरणे यांचे वर्षाचे वेळापत्रक असते आणि त्यात शनिवार शोधता येतात. फर्ममध्ये शुक्रवारी रात्री आठ वाजता पक्षकाराचा फोन येतो आणि सोमवारी सकाळी त्याला मसुदा हवा असतो. पैसा फर्ममध्ये जास्त, हे मान्य. दुसरी एक गोष्ट सांगतो : नोकरी बदलताना मधल्या दिवसांवर माणसाचा खरा हक्क असतो, आणि तो मागायला लाजू नये. मी रुजू होण्याची तारीख जवळपास सहा आठवडे पुढे मागितली आणि तेवढ्यात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करून आलो. पस्तिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांबरोबर पाठीवर सामान घेऊन धावताना कंबरडे मोडले, परंतु गाठी मारायला आणि दुसऱ्याचा दोर धरायला तिथे नीट शिकलो. तोवर आम्ही सह्याद्रीत जे करत होतो ते बरेचसे नशिबाच्या भरवशावर चालले होते.

नशिबाच्या भरवशाचा एक नमुना १९८८ च्या श्रावणातला आहे. आम्ही अकरा जण कल्याणहून आळेफाट्याची एसटी पकडून खुबी फाट्यावर उतरलो आणि खिरेश्वरमार्गे, टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर गेलो. रविवारी सकाळी कोकणकड्यावर धुक्याशिवाय काही दिसले नाही. परतीला निघालो, आणि मंदिरापासून खिंडीकडे येणाऱ्या झाडीत, जिथे एकसारख्या टेकड्या आणि एकसारख्या ओहोळांनी भल्याभल्यांना चकवा लागतो, तिथे मोजणी केली तर दहाच जण. अकरावा बूट बांधायला थांबला होता आणि मग ढोरवाटेने भलतीकडेच उतरू लागला होता. तीन तासांनी तो सापडला, हाकेला ओ देत, गुडघ्यापर्यंत चिखलात. तोवर अंधार पडला; आम्ही मागे फिरलो आणि ती रात्र मंदिराजवळच्या ओल्या गुंफेत, उरलेल्या चिवड्यावर काढली. सोमवारी मी ऑफिसात नव्हतो आणि घरी आईबाबा स्टेशनवर चकरा मारत होते. चढताना आम्ही चार वेळा माणसे मोजली होती, उतरताना तोवर एकदाही नाही. पारशी सीनियरांना हे सांगितले असते तर ते काय म्हणाले असते, ते वर लिहिलेच आहे.

पुढे ट्रेकिंग गट वाढले, फी घेऊन नेणारे आले, आणि माझ्याकडे एकच मागणी येऊ लागली : “सर, एक कडक डिक्लरेशन करून द्या, ज्यावर सही घेतली की आमची जबाबदारी संपेल.” असा कागद मी करून देतो, कारण सहभागी माणसाला धोक्याची लेखी कल्पना देणे आणि त्याचे आजार विचारून घेणे आवश्यकच आहे. पण निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर तो फौजदारी गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली आहे, आणि सहीच्या कागदाने फौजदारी गुन्हा धुतला जात नाही. गटनेत्याच्या बाजूने न्यायालयात बोलतील त्या वेगळ्या गोष्टी : किती माणसांमागे किती जाणकार होते, दोर कधी तपासला, हवामानाचा इशारा पाहिला होता का, माणसे केव्हा केव्हा मोजली. हे सांगितले की बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना कागद हवा असतो.

कॉर्पोरेट वकिलाचा माज डोंगरात उतरतो तो एका वेगळ्याच ठिकाणी. हरिश्चंद्रगडाला पाचनईकडून जाऊ लागल्यावर एका घरी आमचे जेवण ठरलेले असे : नाचणीची भाकरी, पिठले, ठेचा. ‘साहेब मुंबईचे मोठे वकील आहेत’ हे कळल्यावर घरातले काका एकदा प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा घेऊन आले. वडील वारून बारा वर्षे झाली होती, वारस नोंद झाली नव्हती, आणि इतर हक्काच्या रकान्यात काहीतरी लिहिलेले होते ते काय आहे, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी कोट्यवधी रुपयांची गहाणखते केली होती, पण ती नोंद मला धड वाचता आली नाही. आमच्याकडे जमिनीचा शोध घ्यायला वेगळा माणूस असे आणि आम्ही त्याच्या अहवालाखाली सही करत असू. मी काकांना ‘पुढच्या वेळी सांगतो’ असे म्हणालो. खाली उतरताना एकाही शब्दाने कुणाशी बोललो नाही.

त्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, ही मी चाळिशीत नव्याने, विद्यार्थ्यासारखी वाचली. फेरफार म्हणजे काय, नोंद कोण घेतो आणि प्रमाणित कोण करतो, वर्ग दोनची जमीन आणि नवीन शर्त कशाला म्हणतात, हे सगळे. डोंगराच्या नादाने भंडारदऱ्याकडे ‘छोटासा प्लॉट’ बघणाऱ्या शहरी मित्रांना मी त्यामुळेच दोन गोष्टी आधी सांगतो : आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर कलम ३६-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि शेतजमीन विकत घ्यायला, काही अपवाद सोडता, घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. कुळकायद्याला बगल देण्यासाठी दुसऱ्याच्या नावावर जमीन घ्यायची युक्ती जो एजंट सांगतो, त्याचा चहासुद्धा पिऊ नये. तुम्ही कॉर्पोरेट वकिलीत जाणार असाल तरी पहिल्या दोन वर्षांत एखाद्या गावच्या तलाठ्याकडे बसून चार सातबारे वाचायला शिका. कारखाने शेवटी जमिनीवरच उभे असतात.

निवृत्तीनंतर स्थगित सनद पुन्हा सुरू करून घेतली. फी घेऊन काम फारसे करत नाही. गुडघे कुरकुरतात, त्यामुळे दोराचे गड संपले. कळसूबाई अजून होते, पण शिड्यांवर मागच्यांना वाट देऊन. पाचनईच्या काकांची वारस नोंद मागच्या वर्षी एकदाची प्रमाणित झाली. त्यांच्या नातवाने मोबाइलवर सातबाऱ्याचा फोटो पाठवला, घरात पेढे वाटल्याचेही कळवले. मी चष्मा लावून सवयीने शेवटून वाचायला घेतले. काकांच्या बहिणीच्या नावात एक अक्षर चुकले होते. लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. तो मी टाइप करून ठेवला आहे, आणि या खेपेस प्रमाणित प्रत पाकिटातच घातली आहे. सरकारी कार्यालयांना २०२० पासून शनिवारची सुटी असते. म्हणून शुक्रवारी अकोले तालुक्याच्या तहसील कचेरीत जायचे, रात्री पाचनईला मुक्काम करायचा आणि शनिवारी उजाडताच वर निघायचे, असे डायरीत लिहिले आहे.